उपडं ताट

माझं नाव वनिता, आम्ही आगरी, भिवंडीहून अंबाडीकडे जाताना आत एक फाटा लागतो तिथलं आमचं गाव, आणि गाव म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर भातशेती येईल तर ती आता विसरा, बाबांनी ज्या खाचरात आम्हाला लावणीला उभं केलं त्याच खाचरावर आता पत्र्याचं गोडाऊन आहे आणि त्यात कुणाकुणाचे बूट, मिक्सर आणि लहान मुलांच्या सायकली खोक्यांत बसून असतात. जमीन गेली तेव्हा घर पक्कं झालं, वर गच्ची आली, आणि मी शिकले. मला वाचायचं वेड, आमच्या घरात आधी कुणालाच नव्हतं, मी लायब्ररीतून पुस्तक आणायचे आणि माझ्या आधी माझा धाकटा भाऊ ते पळवायचा. दिनेश. त्याचंच सांगायचं आहे मला, बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे.

दिनेशच्या पहिल्या वाढदिवसाला मामाने स्टीलचं ताट दिलं. आमच्यात भांडं द्यायचं तर दुकानातून त्यावर नाव घालूनच देतात, ठिपक्या-ठिपक्यांचं, चि. दिनेश यास मामाकडून. तो जन्मभर त्याच ताटात जेवला. दुसऱ्या कुठल्या ताटात वाढलं तर लहानपणी रडायचा आणि मोठेपणी नुसता बघत राहायचा.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याचं बिघडलं. लोक माझ्यावर पाळत ठेवतात म्हणाला, मग वर्गात जाईना, मग घराबाहेर पडेना. आधी भगताकडे नेलं, नारळ झाले, कोंबडी झाली, सगळं झालं, मग इस्पितळ, मग गोळ्या. गोळ्यांनी तो सुधारला असं सगळे म्हणायचे, सुधारला म्हणजे काय तर गप्प झाला, आणि गप्प माणसाचा कुणाला त्रास नसतो. मागच्या खोलीत असायचा. आई दोन वेळ त्याचं ताट दाराशी ठेवायची, तो जेवून ताट धुऊन परत ठेवायचा. कधी मूड नसला तर तसंच ठेवायचा. आई म्हणायची, राग हाय त्याचा, येल उद्या ताळ्यावर.

मी बीए केलं, मग समाजकार्याचं शिक्षण घेतलं, आणि भिवंडीतल्या एका सरकारी रुग्णालयात मनोविकार विभागात लागले, कंत्राटावर. विभाग म्हणजे काय सांगू तुम्हाला, एक खोली, दोन खुर्च्या, एक पंखा. डॉक्टर फक्त मंगळवारी यायचे कारण बाकीचे दिवस त्यांना बाकीचे तालुके. भिंतीवर पोस्टर, त्यात बाग, बागेत झोपाळा, आई-बाबा आणि दोन मुलं हसतायत, खाली लिहिलंय की रोज फिरायला जा, वेळेवर झोपा आणि घरच्यांशी मन मोकळं करा. आणि समोर बसलेला माणूस लूम कारागीर, यंत्रमागावर कापड विणणारा, घर आझमगढकडे, इथे एका खोलीत बारा जण, हा ड्युटीवरून आला की त्याच चटईवरून दुसरा उठतो. त्याने कुठल्या बागेत जायचं. वर आमचे डॉक्टर मऊ आवाजात विचारणार, झोप लागते का, आणि कारागीर जन्मभर लूमच्या खडखडाटात बोललेला, तो ओरडूनच सांगणार की नहीं लगती साब, बीवी की याद आती है. सगळ्या व्हरांड्याला ऐकू जायचं. बाहेरचे हसायचे, आणि तो माणूस पुढच्या वेळी यायचा नाही.

नोकरीच्या सुरुवातीला आम्हाला एक ट्रेनिंग होतं, त्यात एक म्हाताऱ्या बाई समुदाय मानसशास्त्र शिकवायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, माणसात काय बिघडलंय ते तुम्ही विचारताच, तो जिथे उभा आहे तिथे काय बिघडलंय तेही विचारा, आणि तिथली माणसं एकमेकांना आधीच कशी सांभाळतायत ते बघा, तुमच्या आधीपासून सांभाळतायत. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. छान अक्षरात. मग चहा झाला आणि आम्ही सगळे परत आपापल्या पंख्याखाली.

तर दिनेश. एका गुरुवारी रात्री मी घरी आले तर आई म्हणाली, आज दोन्ही वेला ताट तसंच परत आलं गो. मी खोलीत डोकावले. तो भिंतीकडे तोंड करून होता, म्हणाला, पोटात दुखतंय, कुणीतरी आत सुरी फिरवतंय. आता हे वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर आपण काय करतो, रिक्षा बोलावतो. पण तो दिनेश होता, आणि त्याला आधीही कोणी-कोणी काय-काय करत असायचं. मी, शिकलेली, विभागातली, मी आईला म्हणाले, डोस बदलायला झालाय वाटतं, मंगळवारी डॉक्टर येतील तेव्हा बघू.

शुक्रवारी ताट परत आलं. शनिवारी, रविवारी परत आलं. सोमवारी दुपारी तो गेला. आतडं आत फुटलं होतं. पोटात दुखतंय असं तो तीन वेळा म्हणाला होता, आणि ते खरंच पोटात दुखत होतं, डोक्यात नव्हतं.

मंगळवारी रुग्णालयात डॉक्टर आले. आमच्या घरी तेव्हा बायका बसलेल्या होत्या. एक म्हणाली, सुटला बिचारा. मी तिला म्हणाले, काकी, सुटला नाही, आम्ही सोडला. आईने माझा हात दाबला.

कामावर परतले तेव्हा रजिस्टर समोर आलं. त्यात शेवटचा रकाना गैरहजर. अर्ध्याहून जास्त नावांपुढे मीच लाल पेनाने लिहिलं होतं, गैरहजर, गैरहजर. मी ते पान बघत बसले आणि मला पहिल्यांदा लख्ख कळलं की ही माणसं गैरहजर नव्हती. ती लूमवर हजर होती. मंगळवारी भिवंडीत लूम चालू असतात हे शेंबड्या पोराला माहीत आहे. लूम बंद शुक्रवारी. मी याच तालुक्यातली, आणि इतकी वर्षं मला हे सुचलं नव्हतं की आपण डॉक्टर अशा दिवशी बसवलाय ज्या दिवशी यायचं तर माणसाने ड्युटी सोडून यायचं. गैरहजर आम्ही होतो, शुक्रवारी.

मी नावांची यादी घेतली आणि शुक्रवारी निजामपुऱ्यात गेले. कुणी पाठवलं नव्हतं. तुम्ही त्या गल्ल्या एरवी पाहिल्यात तर कानाला हात लावाल, पण शुक्रवारी लूम थांबले की तिथे इतकी शांतता असते की कुणाच्या तरी खोलीतला प्रेशर कुकर ऐकू येतो. माणसं हळू बोलतात. तेच कारागीर, जे आमच्या खोलीत ओरडायचे. आठवड्यातून एकच दिवस त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येतो.

यादीत पहिलं नाव इर्शादचं होतं. पत्ता म्हणून त्याने लिहिलेलं, शमीम खाला की भिशी. इथे भिशी म्हणजे कारागिरांची खानावळ, घर गावाकडे असलेली माणसं महिन्यावर जेवतात ती. शमीम खाला साठीची बाई, दम्याची, पदर कमरेला खोचलेला. मी म्हणाले, इर्शाद इथे जेवतात का. तिने मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, तू वही गोली वाली बाजी है क्या, आओ बेटा, मैं तो तुझे ही ढूँढ रही थी, तेरा इर्शाद दो वक़्त से नहीं आया. बाजी म्हणजे ताई.

मी विचारलं, साठ माणसं जेवतात इथे, कोण आलं नाही हे तुम्हाला कसं कळतं. तिने भिंतीकडे बोट केलं. तिथे लांब फळी होती आणि फळीवर ताटं उपडी. खालाकडे पद्धत अशी की प्रत्येक कारागिराचं ताट वेगळं, मागे नाव कोरलेलं, धुतलं की फळीवर उपडं. जेवायला आला की आपलं ताट घ्यायचं. जेवणं उरकली की फळीवर जे उपडं राहिलं तो माणूस जेवला नाही. एक वेळ राहिलं तर खाला काही म्हणत नाही, माणूस कुठे बाहेर खात असेल. दोन वेळ राहिलं की ती कुणाला तरी त्याच्या खोलीवर पाठवते. का म्हणून विचारलं तर म्हणाली, अरे, भूखा आदमी मेरी भिशी की बदनामी है.

मी त्या फळीसमोर उभी राहिले. दोन वेळ. आमच्या घरी चार दिवस.

इर्शादला त्याच दिवशी खोलीवर जाऊन गाठलं, त्याने गोळ्या सोडल्या होत्या, कारण गोळीने झोप यायची आणि झोप आली की लूमवर धागा तुटायचा आणि मुकादम शिव्या द्यायचा. कुणी त्याला सांगितलंच नव्हतं की गोळीची वेळ ड्युटीप्रमाणे बदलता येते, कारण त्याची ड्युटी कुणी विचारली नव्हती. मी मंगळवारी डॉक्टरांना सगळं सांगितलं. भला माणूस, त्यांनी वेळा बदलून दिल्या, आणि जे स्थिर आहेत त्यांच्या गोळ्यांची यादी सही करून माझ्याकडे दिली. मग दर शुक्रवारी दुपारी, नमाज झाल्यावर, मी खालाच्या भिशीत बसायला लागले. बसायचं म्हणजे जेवायचं. आधी जेवण, मग बोलणं, मग गोळ्या. पहिल्या दिवशी एक जण दुसऱ्याला चिडवत होता, तू क्यों आया बे, पागल है क्या, तर खाला चुलीपाशीच बसून म्हणाली, पागल तो तू है, तीन साल से मेरे नमक को फीका बोलता है. सगळे हसले, तोही बसला. नंतर तोच माणूस हळूच माझ्याकडे येऊन म्हणाला, बाजी, मेरे को भी थोड़ा बात करना था.

आणि मग तो दिवस आला ज्याचं मला खरं सांगायचं आहे. शुक्रवारच होता. मी पोचले तर खाला दारातच उभी. फळीवर इर्शादचं ताट दोन वेळ उपडं. खोलीवर गेलो तर तो गुडघे पोटाशी घेऊन पडलेला, अंगात ताप. शेजारचा म्हणाला, बाजी, इसका फिर वही चालू हुआ है, दिमाग का. इर्शाद म्हणाला, पेट में आग है.

मी मंगळवार म्हटलं नाही. रिक्षा बोलावली, दोन कारागिरांनी उचललं, आमच्याच रुग्णालयात, कॅज्युअल्टीला. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरने इर्शादच्या खिशातलं आमच्या विभागाचं पिवळं कार्ड पाहिलं आणि म्हणाला, मॅडम, ही तुमच्या विभागाची केस आहे, इंजेक्शन देतो, मंगळवारी तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

मी त्या पोराला दोष देत नाही. तो अठरा तास उभा होता आणि माझंच वाक्य मला परत देत होता. पण मी तिथून हलले नाही. म्हणाले, आधी पोटाला हात लावा. तो म्हणाला, मॅडम, मागे रांग आहे. मी म्हणाले, रांग माझ्यामुळे थांबलीय असं लिहा, माझं नाव लिहा, पण आधी पोटाला हात लावा. नर्स म्हणाली, वनिताताई, तुम्ही स्टाफमधल्या असून असं काय करता. मी म्हणाले, स्टाफमधली आहे म्हणूनच. शेवटी त्याने वैतागून हात लावला, उजव्या बाजूला, आणि इर्शाद किंचाळला. मग धावपळ. यकृतात पू झाला होता. वेळेत काढला. अजून एक दिवस गेला असता तर, असं तो पोरगाच मला नंतर म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला.

इर्शाद वाचला आणि मला नोटीस आली. कर्तव्यावरील डॉक्टरांशी वाद घातला, शासकीय औषधे खानावळीत वाटली, विभाग सोडून परस्पर अन्यत्र बसली, खुलासा करावा. मला शब्दांची भीती वाटत नाही, मी हळू लिहिते पण लिहिते. मी लिहिलं, वाद घातला हे खरं आहे, रुग्णाला तपासावं म्हणून घातला, पुन्हा घालेन. औषधं सही असलेल्या यादीप्रमाणे दिली, यादी सोबत जोडली आहे. परस्पर बसले हे खरं नाही, साठ जणांच्या समोर बसले.

मग रुग्णालयाचे मोठे साहेब स्वतः शुक्रवारी भिशी बघायला आले. रुमाल नाकाला. फळीखाली उभे राहून म्हणाले, ह्याला तुम्ही सेवा म्हणता, ह्याची नोंद कुठे आहे. खालाने पाट पुसून पुढे केला, बैठो साब, खाना खाओ. ते बसले नाहीत. खाला म्हणाली, साब, आपके रजिस्टर में लिखा है क्या आज कौन भूखा है. साहेबांनी मला विचारलं, ही काय म्हणते. मी म्हणाले, साहेब, त्या विचारतायत की आपली नोंद कुठे आहे.

चित्रपटात असतं तर साहेबांना तिथेच पटलं असतं. पटलं नाही. आदेश निघाला की रुग्णालयाबाहेर एक गोळी देखील दिली जाणार नाही. मग मी म्हटलं ठीक आहे, तर आपला विभाग शुक्रवारी उघडा. म्हणाले, तशी कुणाची मागणी नाही. मागणी असेल तर लेखी द्या, मराठीत.

लेखी. मला सांगत होते हे. चार शुक्रवार मी भिशीत बसून अर्ज लिहिले. एकाच मजकुराखाली सह्या घेता आल्या असत्या, मी घेतल्या नाहीत. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, त्याच्या बोलण्यातला, तो हिंदीत सांगणार, मी मराठीत लिहिणार, त्याला वाचून दाखवणार, मग सही नाहीतर अंगठा. एकाने सांगितलं, मंगळवारी आलो तर लूमवर दुसरा माणूस उभा करतात. एकाने सांगितलं, मला फक्त शुक्रवारी रडता येतं, बाकीचे दिवस आवाजात कुणाला कळत नाही आणि मलाही कळत नाही. मी ते तसंच लिहिलं. पहिला अर्ज खालाचा, खाली उर्दूत सही. इर्शादचा शेवटचा, पोटाला पट्टा बांधून आला होता. म्हणाला, लिखो बाजी, मेरे कार्ड का रंग मत देखो, मेरे को देखो.

गठ्ठा घेऊन मी एकटी जाणार होते. रुग्णालयाच्या गेटपाशी बघते तर चाळीस-एक कारागीर आंघोळी करून, इस्त्रीचे कपडे घालून, व्हरांड्यात खोक्यांचे पुठ्ठे टाकून बसलेले. घोषणा नाही, काही नाही. शुक्रवार होता, सुट्टी होती, त्यांना घाई नव्हती. शिपाई म्हणाला, विभाग बंद आहे. एक जण म्हणाला, हाँ भाई, वही देखने आए हैं. तीन शुक्रवार ते असेच येऊन बसले.

आता महिन्यातून दोन शुक्रवार डॉक्टर येतात, तीन ते पाच, जुन्या स्टोअरच्या खोलीत. पोस्टर तिथे मी लावलं नाही. उरलेले दोन शुक्रवार अजून मिळालेले नाहीत, ते मी सोडलेले नाहीत. माझ्या फाइलवर शेरा आहे, खुलासा समाधानकारक नाही. कंत्राट दरवेळी नव्याने होतं, पुढच्या वेळी होईल का माहीत नाही. आणि भिशीत जायला मला मनाई आहे, गोळ्या घेऊन. मी गोळ्या नेत नाही. जेवायला जाते. जेवायला मनाई करणारा आदेश अजून कुणी काढलेला नाही.

दिनेशचं ताट वर्षभर आमच्या घरी फडक्यात गुंडाळलेलं होतं, आई कुणाला हात लावू द्यायची नाही. तिला मी खालाच्या फळीचं सांगितलं, सगळं, दोन वेळचंही. ती उठून आत गेली. मला वाटलं, हिला लागलं, सांगायला नको होतं. सकाळी डब्याच्या पिशवीत तिने ते ताट घातलं आणि म्हणाली, ने तिकडं, हितं पडून कुनाला काय सांगनार हाय ते. आणि दोन वेला परत आलं तर थांबू नको गो, कुनाचं पन असू दे.

आता ते फळीवर असतं. गावाहून नवीन कारागीर आला की स्वतःचं ताट घेईपर्यंत तो दिनेशच्या ताटात जेवतो. गेल्या शुक्रवारी मी गेले तर ते उपडं होतं. जेवणं संपलेली. मी खालाला म्हणाले, यात जेवणारा मुलगा कुठे आहे, कधीपासून नाही. तिने नळाकडे मान केली. तो तिथे उकिडवा बसून नवीन ताट घासत होता, चकचकीत, मागे नाव ठिपक्या-ठिपक्यांचं. खाला म्हणाली, आज ही लाया है, तेरे भाई की थाली खाली हुई, अगले के लिए, जीती रह बेटा, बैठ, तूने खाया नहीं अभी.

मी फळीवरून दिनेशचं ताट घेतलं आणि बसले.